पाच नावांची जबाबदारी

महाराष्ट्रातल्या एखाद्या सार्वजनिक विद्यापीठाच्या कुलगुरूंची मुदत संपत आली की शोध समिती स्थापन होते, जाहिरात निघते, अर्ज येतात, छाननी आणि मुलाखती होतात आणि समिती नावांची यादी कुलपतींकडे पाठवते. नेमणूक करतात ते कुलपती, म्हणजे राज्यपाल. नियुक्तिपत्रावर समितीची सही नसते आणि नंतर कारभार बिघडला तर तिला कोणी जाब विचारत नाही. त्यामुळे अनेकांना, कधीकधी समितीवर बसलेल्यांनाही, हे काम औपचारिक वाटते. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. समितीला नेमणुकीचा अधिकार नाही, म्हणूनच तिची सगळी ताकद दोन गोष्टींत साठलेली असते: यादीत कोण आहे, आणि ते का आहे याची लेखी कारणे. ही कारणे जितकी भक्कम, तितकी पुढची निवड बाहेरच्या दडपणापासून सुरक्षित. ती गुळमुळीत असली, की निर्णय कारणांवर न होता ओळखीपाळखीवर होण्याची वाट मोकळी होते. हा लेख अशा समितीवर जाणाऱ्यांसाठी आहे, तिच्यावर सदस्य पाठवणाऱ्या व्यवस्थापन परिषदेसाठी आहे, आणि अर्ज करणाऱ्या किंवा बाहेरून सारे पाहणाऱ्या प्राध्यापकांसाठीही आहे.

कायद्याने समितीला काय दिले आहे ते आधी पाहू. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११ मध्ये कुलगुरूंच्या निवडीची रीत आहे. मूळ रचनेत समिती तिघांची होती: कुलपतींनी नामनिर्देशित केलेले अध्यक्ष, शासनाचे प्रधान सचिव दर्जाचे अधिकारी, आणि व्यवस्थापन परिषद व विद्या परिषद यांनी मिळून सुचवलेले राष्ट्रीय कीर्तीच्या संस्थेचे प्रमुख. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या प्रतिनिधीला जागा देण्यासाठी रचना बदलली. कायद्याचा रोख मात्र तोच राहिला. समितीचे सदस्य त्या विद्यापीठाशी किंवा त्याच्या महाविद्यालयांशी संबंधित नसावेत, त्यांनी किमान पाच योग्य नावे सुचवावीत, ती वर्णानुक्रमे लावावीत, पसंतीक्रम देऊ नये, आणि प्रत्येक नावासोबत त्या व्यक्तीच्या योग्यतेचे सविस्तर टिपण जोडावे. पसंतीक्रम देता येत नाही म्हटल्यावर समितीला आपले मत मांडायला उरते ते हे टिपणच. असे असताना या टिपणाच्या जागी उमेदवाराच्या स्वपरिचयाचा गोषवारा चिकटवला गेला, तर समितीने आपला एकमेव अधिकार स्वतःहून सोडून दिला असे म्हणावे लागते. आयोगाच्या २०१८च्या विनियमांतही हीच अपेक्षा आहे. शैक्षणिक गुणवत्ता, देशातल्या आणि परदेशातल्या उच्च शिक्षणाचा परिचय, शैक्षणिक व प्रशासकीय कारभाराचा पुरेसा अनुभव यांना दिलेले महत्त्व नावांसोबत लेखी कळवावे, असे ते सांगतात.

हे कागदी सोपस्कार नाहीत, हे गेल्या काही वर्षांतल्या न्यायालयीन निकालांवरून दिसते. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक आयोगाच्या विनियमांशी विसंगत म्हणून रद्द केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केरळच्या ए.पी.जे. अब्दुल कलाम तंत्रविज्ञान विद्यापीठाची नेमणूक रद्द झाली. तिथे समितीने एकच नाव पाठवले होते आणि विनियमांना तीन ते पाच नावे अपेक्षित होती. नोव्हेंबरमध्ये उत्तराखंडच्या सोबन सिंह जीना विद्यापीठाबाबतही तेच घडले. प्राध्यापक म्हणून दहा वर्षांच्या अनुभवाची अट पुरी होत नव्हती. पश्चिम बंगालमध्ये राज्यपाल आणि राज्य सरकार यांचा वाद इतका ताणला गेला, की जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या अध्यक्षतेखाली शोध समित्यांची व्यवस्था स्वतःच लावून दिली. यांतल्या काही ठिकाणी दोष वरच्या पातळीवर होता हे खरे. पण नाव एकच आहे का, अनुभवाची वर्षे भरतात का, हे प्रश्न कोणत्याही समितीने पहिल्याच बैठकीत स्वतःला विचारायला हवेत. ते तिथे विचारले गेले नाहीत, तर पुढे न्यायालयात विचारले जातात, आणि तोवर त्या कुलगुरूंनी केलेल्या नेमणुका आणि घेतलेले निर्णय सारेच संशयाच्या छायेत येतात.

मुंबई विद्यापीठाला याचा अनुभव आहे. २०१० मधल्या कुलगुरुनिवडीचा वाद वर्षानुवर्षे उच्च न्यायालयात चालला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यातला एक कळीचा मुद्दा शोधनिबंधांच्या अटीचा होता, आणि समितीने ती अट तपासताना पुरेसा विचार केला का, हा होता. यातून घ्यायचा धडा व्यवहारातला आहे. छाननी कार्यालयावर सोपवून समितीने फक्त तक्त्यावर सह्या करू नयेत. पात्रतेची प्रत्येक अट घ्यावी, ती कोणत्या कागदावरून सिद्ध होते ते ठरवावे, आणि सीमारेषेवरच्या प्रत्येक अर्जाबद्दल दोन ओळींचा निर्णय कारणासह इतिवृत्तात नोंदवावा. दहा वर्षांत प्रतिनियुक्तीचा काळ धरायचा का, संशोधन संस्थेतले पद प्राध्यापकपदाशी समकक्ष मानायचे का, यांचे उत्तर अर्ज उघडण्यापूर्वी ठरले पाहिजे. अर्ज पाहिल्यावर ठरवलेला निकष कोणाला तरी आत घेण्यासाठी किंवा बाहेर ठेवण्यासाठी आहे असेच दिसणार, समितीचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी.

पण पात्रता तपासणे हे कामाचे पहिले दारच. खरे काम त्याच्याही आधी सुरू होते, आणि तिथेच आपल्याकडे सर्वांत मोठी उणीव राहते. या विद्यापीठाला पुढची पाच वर्षे कसला माणूस हवा आहे, हे कोणी लिहून ठेवतच नाही. जाहिरातीत आदर्श कुलगुरूचे गुण असतात: दूरदृष्टी, नेतृत्व, सचोटी. ते कोणत्याही विद्यापीठाला लागू पडतात, म्हणून निवडीच्या वेळी कोणालाच उपयोगी पडत नाहीत. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठापुढचे प्रश्न आणि मुंबईत शेकडो संलग्न महाविद्यालयांचा भार वाहणाऱ्या विद्यापीठाचे प्रश्न एकाच साच्यातले नाहीत. एकीकडे शिक्षक मिळवणे, टिकवणे आणि दूरवरच्या आदिवासी तालुक्यांतल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणे हा प्रश्न आहे. दुसरीकडे परीक्षा, निकाल आणि संलग्नता यांचे प्रचंड यंत्र. समितीचे सदस्य विद्यापीठाबाहेरचे असावेत ही कायद्याची अट योग्य आहे. पण तिचा परिणाम असा होतो, की ज्या विद्यापीठासाठी माणूस शोधायचा तेच सदस्यांना फार थोडे माहीत असते. यावर उपाय व्यवस्थापन परिषदेच्या हातात आहे. समितीवरचा सदस्य ठरवताना परिषदेने चारपाच पानांचे गरजपत्रक तयार करावे. त्यात रिक्त पदे, रखडलेले निकाल, वित्तीय स्थिती, प्रलंबित खटले, मूल्यांकनातल्या उणिवा हे सारे मोकळेपणाने लिहावे. समितीनेही एक दिवस विद्यापीठात येऊन अधिसभेचे सदस्य, प्राध्यापक, कर्मचारी आणि विद्यार्थी प्रतिनिधी यांचे म्हणणे ऐकावे. उमेदवारांची नावे कोणी सुचवू लागले तर त्यांना थांबवावे. त्या दिवशी विषय विद्यापीठाच्या गरजांचा असतो.

या गरजपत्रकाचे मोल २०१७च्या उन्हाळ्यात मुंबईने पाहिले. उत्तरपत्रिकांच्या संगणकाधारित मूल्यांकनाचा निर्णय एकाच हंगामात सगळ्या परीक्षांना लागू झाला, निकाल महिनोन्‌महिने लांबले, हजारो विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश अडचणीत आले आणि अखेर ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. कुलगुरूंच्या विद्वत्तेबद्दल प्रश्न नव्हता. प्रश्न होता मोठ्या यंत्रणेत बदल किती टप्प्यांनी, कोणत्या चाचणीनंतर करायचा याचा, आणि हा गुण शोधनिबंधांच्या संख्येवरून कळत नाही. समितीने निवडीत हा गुण शोधायचा असेल, तर तसे आधी लिहिलेले हवे आणि मग त्यासाठी पुरावा मागायला हवा: याआधी सांभाळलेल्या विभागाचा, संस्थेचा किंवा प्रकल्पाचा आकार किती होता, किती माणसे हाताखाली होती, अडचणीत काय निर्णय घेतला, त्याचे काय झाले.

गरज लिहून झाली की माणसे शोधायची. इथे एक गैरसमज घट्ट बसला आहे, की जाहिरात दिली म्हणजे शोध झाला. आयोगाचे विनियम जाहीर सूचना, नामनिर्देशन आणि प्रत्यक्ष शोध या तिन्ही वाटा, किंवा त्यांचे मिश्रण, मान्य करतात. तरीही बहुतेक समित्या अर्जांच्या गठ्ठ्यावर थांबतात. अर्ज कोण करतो याचा विचार करा. ज्याला पद हवे आहे आणि जो त्यासाठी वर्षभर तयारी करतो आहे, तो करतो. प्रयोगशाळेत किंवा विभागात रमलेली, संस्था उत्तम चालवून दाखवलेली, पण स्वतःहून पद मागणे ज्यांना रुचत नाही अशी माणसे करत नाहीत. वरिष्ठ पदे सहसा पुरुषांकडेच गेली आहेत हे पाहून अनेक कर्तबगार स्त्री-प्राध्यापकही करत नाहीत. समितीतल्या प्रत्येकाने देशभरातल्या ओळखीच्या विद्वानांना विचारून चारपाच नावे काढली, आणि त्यांना अध्यक्षांच्या पत्राने अर्ज करण्याचे आवाहन केले, तरी यादीचा दर्जा बदलतो. अशा आमंत्रित उमेदवाराला नंतर झुकते माप देऊ नये, एवढी काळजी पुरे.

मग मुलाखत. उमेदवार सादरीकरण करतो, पडद्यावर विद्यापीठाच्या पुढील वाटचालीचा आराखडा दाखवतो, सदस्य काही प्रश्न विचारतात. या भेटीला फार वजन दिले जाते, आणि माझ्या मते ते चुकीचे आहे. चांगले बोलणे हा गुण आहेच, पण अर्ध्या तासात तो बाकी सगळ्यांना झाकून टाकतो. आराखडा तर आता कोणीही सुंदर करून देतो. त्यापेक्षा सगळ्या उमेदवारांना एकच अडचण द्यावी. उदाहरणार्थ, निकाल दोन महिने रखडले आहेत, परीक्षा संचालकाची जागा रिकामी आहे, प्राध्यापक संघटना बहिष्काराच्या तयारीत आहे. पहिल्या पंधरा दिवसांत काय कराल? उत्तरातला क्रम पाहावा: आधी कोणाशी बोलणार, कोणता निर्णय पुढे ढकलणार, कोणाला जबाबदार धरणार. आणि मुलाखतीपेक्षा अधिक वेळ पूर्वीच्या सहकाऱ्यांशी बोलण्यावर घालवावा. उमेदवाराने दिलेल्या संदर्भांबरोबर न दिलेल्यांशीही, उमेदवाराला तसे आधी सांगून, बोलावे. ‘माणूस कसा आहे’ या प्रश्नाला कौतुकच ऐकू येते. त्याऐवजी विचारावे, की त्यांच्या काळातला कोणता निर्णय नंतर बदलावा लागला, मतभेद झाला तेव्हा ते कसे वागले, पुन्हा त्यांच्या हाताखाली काम कराल का. सगळ्यांबद्दल तेच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहून ठेवावीत.

हितसंबंधांचा मुद्दा इथेच येतो. सदस्य विद्यापीठाशी संबंधित नसावा, हे कायदा पाहतो. सदस्य आणि उमेदवार यांच्यातले नाते कायद्याच्या या तरतुदीतून सहज निसटते: मार्गदर्शक आणि विद्यार्थी, सहलेखक, एकाच प्रकल्पातले भागीदार. आपले विद्याक्षेत्र एवढे लहान आहे, की असे नाते सापडणे अपरिहार्य आहे. ते लपवणे मात्र अपरिहार्य नाही. अर्जांची यादी हाती आल्यावर प्रत्येक सदस्याने आपले संबंध लेखी जाहीर करावेत आणि जवळचे नाते असेल तिथे त्या उमेदवाराच्या चर्चेत बोलू नये.

आता सर्वांत नाजूक जागा: यादी. पाच नावे द्यायची म्हटल्यावर पुष्कळदा तीन खरी आणि दोन भरतीची होतात. समितीला वाटते, भरतीच्या नावांकडे कोण पाहणार. पण नावे वर्णानुक्रमे जातात. कुलपतींना त्यांपैकी कोणालाही नेमण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि त्यांनी दुबळे नाव उचलले तर समितीला तक्रार करायला तोंड उरत नाही. शिफारस तिचीच असते. म्हणून प्रत्येक नावापुढे एकच कसोटी लावावी: उद्या हीच व्यक्ती नेमली गेली, तर आम्ही सर्व जण ते काम योग्य झाले असे म्हणू का? उत्तर नाही असेल तर ते नाव काढावे. पाच पुरी होत नसतील तर पुन्हा शोधायला जावे. कायद्याने कुलपतींना नवी यादी मागवण्याची मुभा दिली आहे. समितीनेही अधिक वेळ मागण्यात कमीपणा मानू नये.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की नाव तर आधीच ठरलेले असते, मग समितीने घाम कशाला गाळायचा. हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. कन्नूर विद्यापीठाच्या कुलगुरूंची फेरनेमणूक सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केली, ती राज्य सरकारचा अवाजवी हस्तक्षेप दिसला म्हणूनच. महाराष्ट्रातही डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने एक दुरुस्ती मंजूर केली होती. समितीची नावे आधी सरकारकडे जावीत आणि त्यांतली दोन सरकारने कुलपतींकडे पाठवावीत, अशी तिची योजना होती. ती अमलात आली नाही. तेव्हाचा सगळा वाद शेवटचा शब्द कोणाचा यावर झाला. लोकनियुक्त सरकारला विद्यापीठांबद्दल काहीच म्हणता येऊ नये, हे मलाही पटत नाही. पैसा सरकारचा आहे आणि जाब विधानसभेत द्यावा लागतो. पण शेवटचा शब्द राज्यपालांचा असो की मंत्रालयाचा, पाचही नावे खणखणीत असली तर हस्तक्षेपाने होणारे नुकसान मर्यादित राहते. आवडता माणूस या पाचांत बसत नसेल, तर त्याला घुसवण्यासाठी समितीची लेखी कारणे ओलांडावी लागतात, आणि ती ओलांडली की ते न्यायालयात दिसते. भरतीच्या नावांनी हीच वाट सोपी करून दिलेली असते.

दुसरा आक्षेप जुन्या काळाचा दाखला देतो. पुणे विद्यापीठाला पहिले कुलगुरू म्हणून मुकुंदराव जयकर मिळाले, मुंबईला महामहोपाध्याय पां. वा. काणे मिळाले, त्यासाठी ना जाहिरात होती, ना अर्ज. मोठी माणसे मोठेपणाने ओळखली जातात, तक्त्यांनी नाही, असे यातून सुचवले जाते. त्या पिढीबद्दलचा आदर मलाही आहे. मात्र तेव्हाच्या विद्यापीठात महाविद्यालये थोडी होती, विद्यार्थी थोडे होते, आणि निवड करणारे वर्तुळ इतके लहान होते की त्यात कोण कसा आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. त्या वर्तुळाबाहेरच्यांना मात्र तिथे प्रवेशच नव्हता. शिवाय कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालातच कुलगुरू हा प्रतिष्ठित विद्वान असावा आणि त्याला पुरेसा प्रशासकीय अनुभव असावा, असे दोन्ही म्हटले होते. या दोन्हींचा एकत्र पुरावा मागायचा, तर रीतसर शोधाला पर्याय नाही.

गुप्ततेचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकावे लागते. अर्जदारांची नावे फुटली तर चांगली माणसे अर्जच करत नाहीत. आपल्या संस्थेत ‘हा जाणार’ असा शिक्का बसणे कोणाला नको असते. पण सारेच बंद दाराआड ठेवले तर काय होते, हे अमेरिकेतल्या फ्लोरिडाने दाखवले. तिथे २०२२ मध्ये अर्जदारांची नावे अंतिम टप्प्यापर्यंत गुप्त ठेवणारा कायदा झाला. त्याच वर्षी फ्लोरिडा विद्यापीठाच्या अध्यक्षपदासाठी अंतिम म्हणून एकच नाव जाहीर झाले, आणि तिथल्या प्राध्यापक सभेने निवडीच्या प्रक्रियेवरच अविश्वासाचा ठराव केला. म्हणून दोन टप्पे वेगळे करावेत. निकष, गरजपत्रक आणि वेळापत्रक पहिल्या दिवशी जाहीर करावे. अर्जदारांची नावे मुलाखतीपर्यंत गुप्त ठेवावीत. अंतिम पाच नावे, थोडक्यात परिचयासह, समितीनेच जाहीर करावीत. आपल्याकडे ती नावे वर्तमानपत्रांत येतातच. कोणी तरी कानात सांगून येण्यापेक्षा ती अधिकृतपणे यावीत.

हे सगळे करायला वेळ कुठे आहे, असे विचारले जाईल. कायदा वेळ देतो. पद रिकामे होण्याच्या सहा महिने आधी प्रक्रिया सुरू व्हावी अशी त्याची अपेक्षा आहे. वेळ जातो तो समितीच स्थापन न झाल्याने. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने मे २०२२ पासून वर्षभराहून अधिक काळ आणि मुंबई विद्यापीठाने सप्टेंबर २०२२ पासून सुमारे नऊ महिने प्रभारी कुलगुरूंवर काढले. प्रभारी माणूस कितीही कर्तबगार असला तरी दीर्घ पल्ल्याचा निर्णय घेताना त्याचा हात आखडतो, आणि कुलसचिव, परीक्षा संचालक, अधिष्ठाता यांच्या नेमणुकाही त्याच्याबरोबर लटकतात. म्हणून व्यवस्थापन परिषदेने कुलगुरूंच्या पाचव्या वर्षाच्या सुरुवातीलाच आपल्या सदस्याचे नाव ठरवून पाठवावे आणि तसा ठराव इतिवृत्तात आणावा. मग उशीर कोणाकडून होतो आहे हे तरी स्पष्ट दिसेल.

कुलसचिव किंवा परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक यांच्या निवडीची रीत वेगळी आहे. तिथे निवड समिती असते. पण गरज आधी लिहिणे, पूर्वीच्या सहकाऱ्यांशी बोलणे आणि प्रत्येक नावामागचे कारण नोंदवणे या तिन्ही गोष्टी तिथेही तशाच चालतात. परीक्षा संचालकाच्या बाबतीत तर अधिकच, कारण त्या खुर्चीवरची चूक थेट लाखो गुणपत्रिकांवर उमटते.

जे प्राध्यापक आणि अधिसभा सदस्य या प्रक्रियेच्या बाहेर आहेत, त्यांनी निकालाची वाट पाहत बसू नये. जाहिरात निघाल्यावर पहिल्या आठवड्यात समितीकडे निकषांची आणि वेळापत्रकाची लेखी मागणी करावी. नामनिर्देशनाची सोय असेल तर तिचा उपयोग करावा, आणि नाव सुचवताना त्या व्यक्तीने प्रत्यक्ष काय करून दाखवले याचे पानभर टिपण जोडावे. नेमणूक झाल्यानंतर माहितीच्या अधिकारात इतिवृत्त आणि योग्यतेची टिपणे मागावीत. खासगी तपशील वगळून जे मिळेल ते वाचावे आणि अधिसभेच्या पुढच्या बैठकीत त्यावर प्रश्न विचारावेत. आपली टिपणे पुढे वाचली जाणार आहेत, हे समितीला पहिल्या बैठकीपासून ठाऊक असले पाहिजे.